उत्सवातील रात्रसंचार आणि जानुसंधिगत वात

गौरीविसर्जन आटोपले की पुण्यातील गणपतींचे देखावे पाहण्यासाठी खरी गर्दी लोटते. त्याच सुमारास शहरातील वैद्यांकडे एक प्रश्न हमखास येतो : "यंदा रात्री गणपती पाहायला गेलो तर चालेल का?" विचारणारा बहुधा साठीपुढचा असतो, संधिगत वाताचे निदान आधीच झालेले असते आणि जिना उतरताना गुडघा कुरकुरत असतो. "घरीच बसा" हे उत्तर देणे सोपे आहे. परंतु वर्षानुवर्षे मानाचे पाच गणपती पायी पाहणारा मनुष्य ते पाळत नाही. तो जातोच, फक्त वैद्यांना न सांगता आणि खिशात वेदनाशामक गोळ्या घेऊन. यास्तव जाण्यास मनाई करण्यापेक्षा कसे जावे हे सांगणे अधिक हिताचे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संधिगत वाताचा शोथ हाताला वायूने भरलेल्या चामड्याच्या पिशवीसारखा लागतो आणि आकुंचन-प्रसारण करताना वेदना होते, असे चरकसंहितेच्या वातव्याधिचिकित्सेत वर्णन आहे. अशा गुडघ्याला चालण्याचाच त्रास होतो अशी रुग्णाची समजूत असते. वस्तुतः उत्सवाच्या रात्री वातप्रकोपाची अनेक कारणे एकत्र येतात. भाद्रपद हा वर्षा ऋतूचा महिना; अग्नी मंद आणि वात प्रकुपित. त्यात जागरणाने रूक्षता वाढते, जेवणाऐवजी भेळ-फरसाण खाल्ले जाते आणि रात्रीचा अंतिम भाग तर वाताचाच काळ.

सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे वेगधारण. गर्दीत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून स्त्रिया दुपारपासूनच पाणी पिणे कमी करतात आणि मूत्रवेग तासन्‌तास अडवून धरतात. मूत्रवेगरोधाच्या परिणामांत वाग्भटांनी अंगभंग सांगितला आहे, हे येथे आठवावे. दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचा सगळा दोष रुग्णा गुडघ्यावर टाकते. या बाबीची विचारपूस आपणच करावी लागते, कारण ती आपण होऊन सांगत नाही.

हाच विषय वेदनाशामकांशी जाऊन भिडतो. रक्तदाबासाठी मूत्रल औषध घेणारा ज्येष्ठ रुग्ण डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेतो, पाणी पीत नाही आणि रात्रभर उभा राहतो. या तिन्ही गोष्टींचा एकत्रित आघात वृक्कांवर होतो. शिवाय वेदना हा सांध्याचा पहारेकरी आहे. त्याला झोपवून चार तास चाललेला गुडघा सकाळी सुजून येतो. 'जडीबुटीची' म्हणून बिनलेबलाच्या पुड्या विकल्या जातात, त्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे वैद्यकविश्वात सुपरिचित आहेत. एका पुडीत अर्ध्या तासात उतार पडला असे रुग्ण सांगू लागला की शंका घ्यावी. मात्र महिनोन्‌महिने अशी पुडी घेणाऱ्यास ती एकाएकी बंद करायला सांगू नये. स्टिरॉइड अचानक थांबवणे धोक्याचे असल्याने त्यास तज्ज्ञाकडे पाठवावे. औषधविक्रेत्या बंधूंनी घटकद्रव्ये, परवाना क्रमांक व बॅच क्रमांक नसलेला माल दुकानात ठेवूच नये. कुचला अथवा भल्लातक असलेले कल्प तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात. उत्सवाच्या आदल्या सायंकाळी "जरा जोरदार द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला विषतिंदुक वटी देण्याचा मोह टाळावा. मधुमेही रुग्णाला दशमूलारिष्ट देतानाही त्यातील गूळ विसरू नये.

तयारी खरे तर दोन-तीन आठवडे आधी सुरू व्हावी. जानुबस्ती, उपनाह आणि प्रकृती पाहून योगराज किंवा त्रयोदशांग गुग्गुळ, महारास्नादि क्वाथ हे सर्वांना परिचित आहे. सुश्रुतांनी स्नायु-संधि-अस्थिगत वातात सांगितलेल्या अग्निकर्माचा अनुभवही अनेकांना आहे. स्नेहनापूर्वी आमवात व वातरक्त वगळणे मात्र अत्यावश्यक. गुडघा उष्ण, लाल आणि स्पर्शासह असेल, सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकत असेल, तर तेल लावून बाहेर धाडणे म्हणजे आगीत तेल ओतणेच होय.

निघण्याच्या दिवशी सायंकाळी कोमट तिळतेलाने अभ्यंग, निर्गुंडीच्या पानांचा शेक आणि तूप घातलेले गरम, हलके जेवण द्यावे. तेल नीट पुसायला सांगावे. ओघळ तळव्यापर्यंत आला की चपलेत पाय सरकतो आणि पावसाळी रस्त्यावर पडण्याचे निमित्त होते. कडक तळाची कोल्हापुरी त्या रात्री घरी राहिलेली बरी. पट्टा घट्ट बांधल्यास पोटरीला सूज येते, म्हणून बोट आत सरकेल इतपतच ताण असावा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक जण उलट धरतात. दुखरा पाय टेकताना त्याचा काही भार समोरच्या हाताने उचलला जावा, हा त्यातला हेतू. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

लक्ष्मी रस्त्यावर एका जागी खिळून मिरवणूक पाहण्यापेक्षा थोडे चालणे, थोडे बसणे गुडघ्याला मानवते. फुटपाथच्या कडेवर बसू नये. खाली बसताना नव्हे, उठताना गुडघा दगा देतो. घडीचे स्टूल सोबत असावे. सप्टेंबर २०२४ अखेर जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाल्याने कसबा पेठ व मंडई येथपर्यंत पोहोचता येते, तेव्हा रिक्षा मिळेपर्यंतची लांबलचक पायपीट वाचू शकते. स्थानके खोल असल्याने रुग्णाने उद्वाहनाची रांग धरावी, जिन्याची घाई करू नये. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. ती सबंध पाहण्याचा हट्ट न धरता दोन तासांचा एखादा टप्पा निवडावा, आणि शक्य तर तो दिवसाउजेडी असावा.

परतल्यावर रात्रीच मर्दन करू नये. गरम पाणी प्यावे, पाय उशीवर ठेवून पडावे. जागरण जितके झाले त्याच्या निम्मा वेळ सकाळी उपाशीपोटी झोपावे, ही वाग्भटांची सूचना येथे तंतोतंत लागू पडते. उठल्यानंतर गुडघ्याला हात लावून पाहावे : थंड असल्यास अभ्यंग व शेक; उष्ण व टणक असल्यास तेल पूर्ण वर्ज्य, दशांग लेप आणि विश्रांती. दोन दिवसांत सूज उतरली नाही, ताप आला किंवा पाय टेकवेना, तर अस्थितज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.