रंगमंचामागील तांत्रिक कार्य, महाविद्यालयीन

नाट्य, नृत्य, संगीत इ. प्रयोगकलांच्या महाविद्यालयीन कार्यक्रमांत प्रेक्षकांच्या दृष्टीआड राहून नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, रंगभूषा, वेशभूषा व रंगमंच-व्यवस्थापन या अंगांची सिद्धता करणे आणि प्रत्यक्ष प्रयोगात ती चालविणे, या कार्यास ही संज्ञा लावली जाते. व्यवहारात त्यासाठी ‘बॅकस्टेज’ हा शब्द रूढ आहे. व्यावसायिक नाटकाचे नेपथ्य एकदा तयार झाले, की त्याच जाणत्या हातांनी ते अनेक प्रयोगांत उभारले जाते. महाविद्यालयीन स्पर्धेत मात्र अर्धा-पाऊण तासाचा प्रयोग बहुधा अपरिचित नाट्यगृहात, मोजक्या मिनिटांत मांडावा लागतो आणि लगेच पुढील संघासाठी रंगमंच रिकामा करावा लागतो. वेळेची ही मर्यादा व काम करणाऱ्यांचा अननुभव या दोन गोष्टींमुळे या कार्याला स्वतःची अशी पद्धती व शिस्त प्राप्त झाली आहे.

पूर्वपीठिका : भरताच्या नाट्यशास्त्रात वर्णिलेल्या ६४ हात लांब व ३२ हात रुंद अशा नाट्यगृहात रंगपीठ आणि रंगशीर्ष यांच्या मागे नेपथ्यगृह असे. नटांनी वेश व रंग धारण करण्याची ती जागा होय. म्हणजे ‘नेपथ्य’ हा शब्द मुळात पडद्यामागील जागेचा व सजावटीचा वाचक होता. मराठीत पुढे तो प्रेक्षकांना दिसणाऱ्या दृश्यरचनेचा वाचक बनला. रंगविलेल्या पडद्यांची परंपरा सोडून वास्तवदर्शी पेटीवजा नेपथ्य योजण्याच्या दृष्टीने ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेचा आंधळ्यांची शाळा (१९३३) हा प्रयोग महत्त्वाचा ठरला. आचार्य अत्रे यांच्या तो मी नव्हेच (१९६२) या नाटकातील फिरत्या रंगमंचामुळे तांत्रिक अंगाचे सामर्थ्य सर्वसामान्य प्रेक्षकांच्या ध्यानात आले.

महाविद्यालयीन क्षेत्रात या कार्यास चालना मिळाली ती स्पर्धांमुळे. आंतरविद्यापीठीय युवक महोत्सवाचा प्रारंभ १९५४ मध्ये दिल्ली येथे झाला. पुण्याच्या ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ या संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून सुरू झाली. तीत लेखन, दिग्दर्शन व अभिनय यांवर भर असून तांत्रिक साधनांचा वापर बेताचाच अपेक्षित असतो. पुण्याच्याच फिरोदिया करंडक स्पर्धेत याउलट अनेक कलांचा एकाच प्रयोगात मेळ घालावयाचा असल्याने पडद्यामागील नियोजन अधिक गुंतागुंतीचे होते.

पनवेल येथील परिस्थिती : रायगड जिल्ह्यातील पनवेल व नवीन पनवेल परिसरातील अनेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यांचे संघ विद्यापीठाच्या युवक महोत्सवात तसेच स्वतंत्र एकांकिका स्पर्धांत भाग घेतात. शिरढोण या जवळच्या गावी जन्मलेले आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके (१८४५–८३) यांचे नाव दिलेले येथील नाट्यगृह या परिसरातील प्रमुख रंगमंच होय. राज्यस्तरीय अटल करंडक एकांकिका स्पर्धेचे प्रयोगही तेथे झालेले आहेत. तालीम वर्गात किंवा महाविद्यालयाच्या सभागृहात आणि प्रयोग पूर्ण आकाराच्या रंगमंचावर, ही येथील संघांची नेहमीची अडचण असते. त्यासाठी रंगमंचाची लांबी-रुंदी, विंगांची जागा व विद्युत् जोडणीची ठिकाणे आधी मोजून आणतात आणि तालमीच्या जमिनीवर खडूने तोच आराखडा आखतात.

युवक महोत्सवाच्या प्राथमिक फेऱ्या साधारणतः ऐन पावसाळ्यात होतात. कोकणातील पावसात उघड्या टेम्पोतून नेलेले कापडी फ्लॅट भिजून सैल पडतात, पाण्यात कालविलेले रंग ओघळतात आणि प्लायवूड फुगते. म्हणून सामान ताडपत्रीत बांधणे, मोठी चौकट घडी होईल अशी करणे आणि रंग आधीच पक्का करून घेणे, ही कामे येथील नेपथ्य-साहाय्यकाला प्रथम शिकावी लागतात.

नेपथ्य व मांडणी : स्पर्धेतील नेपथ्य सुचक, हलके आणि सुटे असावे लागते. लाकडी चौथरे (लेव्हल), ठोकळे, चौकटी व एखादे अर्थवाही उपकरण यांवर ते उभे राहते. एकच ठोकळा बाक, पार, पायरी किंवा नाव ठरू शकतो. मांडणीसाठी दिलेली वेळ बहुधा दहा मिनिटांच्या आसपास असते. तीत प्रत्येक साहाय्यकाला नेमून दिलेल्या वस्तू, त्यांचा क्रम व आत येण्याची बाजू यांचा तक्ता करतात. वस्तूंच्या जागा रंगीत चिकटपट्टीने दाखवितात. अंधारात हालचाल करावयाची असल्यास पायऱ्यांच्या कडांवर अंधारात चमकणारी पट्टी लावतात. उभ्या चौकटीला मागून तिरका टेकू देऊन त्यावर वजन ठेवणे आवश्यक असते. केवळ खिळ्यावर विसंबलेली चौकट नटाचा धक्का लागताच कोसळू शकते.

प्रकाश : अमेरिकन प्रकाशतज्ञ स्टॅन्ली मॅकँडलेस यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार रंगमंचाचे विभाग पाडून प्रत्येक विभागावर दोन बाजूंनी सु. ४५ अंशांच्या कोनातून, एकीकडून उबदार व दुसरीकडून शीत छटेचा प्रकाश टाकतात. स्पर्धेत दिवे सर्व संघांना समाईक असतात. त्यामुळे दिव्यांच्या जागा बदलण्यापेक्षा उपलब्ध दिव्यांतून प्रसंगानुरूप निवड करण्याचे कौशल्य महत्त्वाचे ठरते. विद्युत् भाराचे गणित विद्यार्थ्याने स्वतः करणे इष्ट असते. १,००० वॉटचा एक दिवा २३० व्होल्ट दाबावर सु. ४·३५ अँपिअर प्रवाह घेतो; म्हणून १५ अँपिअरच्या एका जोडणीवर असे तीनच दिवे चालविता येतात. चौथ्या दिव्याने फ्यूज उडतो किंवा तार तापते. एलईडी दिव्यांमुळे भार व उष्णता पुष्कळ कमी झाली असली, तरी ओलसर हवेत उघडे जोड, सदोष भूसंपर्कन आणि पायांखालून गेलेल्या मोकळ्या तारा यांचा धोका कायम आहे.

ध्वनी : पार्श्वसंगीत व ध्वनिसंकेत प्रयोगाच्या क्रमाने, क्रमांक देऊन ठेवतात आणि त्यांची दुसरी प्रत जवळ बाळगतात. ध्वनिक्षेपकातील आवाज पुन्हा ध्वनिग्राहकात शिरल्यास कर्कश शीळ उत्पन्न होते; ती टाळण्यासाठी ध्वनिक्षेपक ध्वनिग्राहकाच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवतात. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सु. ३४५ मी. असल्याने १७ मी. अंतरावरील श्रोत्यास आवाज सु. १/२० सेकंद उशिरा पोहोचतो. लांबट सभागृहात मागील बाजूस वेगळे ध्वनिक्षेपक लावल्यास तेवढा विलंब त्यांना द्यावा लागतो. अन्यथा शब्द दुहेरी ऐकू येतात.

रंगमंच-व्यवस्थापक : या सर्व अंगांचा मेळ रंगमंच-व्यवस्थापक घालतो. त्याच्या संहितेत प्रत्येक प्रकाशबदल, ध्वनी, प्रवेश व मांडणीबदल यांची खूण नेमक्या शब्दापुढे केलेली असते. प्रत्येक बदलाआधी तो ‘तयार’ अशी सूचना देतो व ठरल्या क्षणी आज्ञा देतो. नटांशिवाय केवळ या खुणांची घेतलेली तांत्रिक तालीम आणि त्यानंतरची रंगीत तालीम, अशा दोन तालमी आवश्यक मानल्या जातात. वेळेअभावी यांपैकी पहिली गाळली जाते. स्पर्धेत घडणाऱ्या पुष्कळशा चुकांचे मूळ त्यातच असते.

सुरक्षितता व मूल्यमापन : विंगांतील जाण्या-येण्याचे मार्ग मोकळे ठेवणे, पडदे दिव्यांपासून दूर राखणे, सुती कापडावर टाकणखार व बोरिक अम्ल यांच्या विद्रावाचा हात देऊन त्याची ज्वलनशीलता कमी करणे आणि विद्युत् आगीवर पाणी न मारता कार्बन डायऑक्साइड किंवा शुष्क चूर्णाचे अग्निशामक वापरणे, ही किमान दक्षता होय. काही विपरीत घडण्याची शक्यता दिसताच प्रयोग थांबविण्याचा अधिकार रंगमंच-व्यवस्थापकास असावा लागतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला हा अधिकार बजावणे सोपे नसते. कारण थांबलेला प्रयोग बहुधा हरलेला प्रयोग ठरतो. म्हणून तो अधिकार दिग्दर्शक व मार्गदर्शक प्राध्यापक यांनी तालमीतच सर्वांसमक्ष मान्य करणे श्रेयस्कर असते.

राज्य हौशी नाट्यस्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना व रंगभूषा यांना स्वतंत्र पारितोषिके दिली जातात. महाविद्यालयीन स्पर्धांत या पारितोषिकांचा मान सामान्यतः योजना आखणाऱ्यास मिळतो. चौथरे उचलणारे, पडदा ओढणारे व खुणा सांभाळणारे विद्यार्थी त्यात येत नाहीत. प्रयोग निर्वेध पार पडला, की त्यांचे काम नजरेस येत नाही आणि चुकले, तरच ते दिसते. त्यामुळे संघाच्या अधिकृत यादीत व प्रमाणपत्रांत त्यांची नावे कामाच्या उल्लेखासह नोंदविणे, हा या कार्याच्या शिक्षणाचाच एक भाग ठरतो. नाट्यगृहे, दूरचित्रवाणी व समारंभ-व्यवस्थापन या क्षेत्रांत पुढे काम शोधणाऱ्या विद्यार्थ्यांपाशी पुष्कळदा तेवढाच लेखी पुरावा असतो.