मथळा नसलेली फाइल आणि हरवलेला पाऊस

पुढील दोन ओळी पाहा.

४३००३,२००५०७२७,९४४
४३०५७,२००५०७२७,७४

एवढ्यावरून काही बोध होतो का? मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या वाचकाला कदाचित ९४४ हा आकडा ओळखीचा वाटेल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला सुमारे ७४ मिलिमीटरच पाऊस झाला. ४३००३ हा सांताक्रूझ वेधशाळेचा आंतरराष्ट्रीय क्रमांक आहे, तर ४३०५७ हा कुलाब्याचा. मधला आकडा दिनांकाचा आहे : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

हे सारे आम्ही सांगितले म्हणून कळले. फाइलमध्ये तसे कुठेही लिहिलेले नाही. हजेरीपटावर सर्वांत वर 'अनुक्रमांक', 'नाव', 'दिनांक' अशी मथळ्याची ओळ असते, तशी ओळ येथे नाही. अशी फाइल संगणकाला वाचायला दिली तर काय घडते आणि आपण कोणती काळजी घ्यायची, ते या लेखात पाहू या.

स्वल्पविरामांची फाइल

वरच्या दोन ओळी ज्या प्रकारच्या फाइलमधल्या आहेत, त्या प्रकाराला 'सीएसव्ही' म्हणतात. स्वल्पविरामांनी वेगळी केलेली मूल्ये, असा त्याचा अर्थ. एक ओळ म्हणजे एक नोंद आणि दोन स्वल्पविरामांमधला मजकूर म्हणजे एक रकाना. मांडणी इतकी साधी आहे की जवळजवळ कोणताही संगणक, कोणतीही आज्ञावली ती वाचू शकते.

या मांडणीचे संकेत बरीच वर्षे रूढीनेच चालत होते. ते लेखी स्वरूपात आले ऑक्टोबर २००५ मध्ये, 'आरएफसी ४१८०' या टिपणात. मथळ्याची ओळ असली तरी चालेल आणि नसली तरी चालेल, असे हे टिपण सांगते. फाइल जाळ्यावरून पाठवताना 'मथळा आहे' किंवा 'मथळा नाही' अशी सूचना सोबत देण्याची सोयही त्यात आहे. पण ही सूचना फाइलच्या आत नसते, बाहेरून जोडलेली असते. तीच फाइल पेन ड्राइव्हवर घालून कोणी आपल्या हाती दिली, तर सूचना मागेच राहते.

मथळा नसणे हा दोष नव्हे. स्वयंचलित उपकरण दर पंधरा मिनिटांनी एक ओळ लिहीत असेल, तर त्याला मथळ्याची गरज नसते. बारा महिन्यांच्या बारा फाइली एकामागे एक जोडायच्या असतील, तर प्रत्येकीचा मथळा मध्येच येऊन अडथळाच होतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या दैनिक पावसाच्या जालक-फाइली तर याहून पुढच्या आहेत. त्यांत मथळा नाही, स्वल्पविराम नाहीत आणि ओळीही नाहीत. आहेत ते एकामागे एक ठेवलेले आकडे. देशाच्या नकाशावर पाव-पाव अंशाच्या अंतराने आडवे १३५ आणि उभे १२९ बिंदू घेतले, तर एका दिवसाचे १७,४१५ आकडे होतात. प्रत्येक आकड्याला चार बाइट लागतात, म्हणून एका दिवसाला ६९,६६० बाइट. फाइलच्या आकाराला या संख्येने भागले की उत्तर ३६५ किंवा ३६६ यायला हवे. तसे आले नाही, तर आपला काही गैरसमज झाला आहे असे समजावे. फाइल स्वतःबद्दल काही सांगत नसली तरी तिची परीक्षा घेता येते, हे येथे लक्षात ठेवू या.

पहिली ओळ कोठे गेली?

आता जावा या संगणकभाषेकडे वळू. जावा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये लोकांसमोर आणली. त्या भाषेत फाइल वाचण्यासारखी नेहमीची कामे प्रत्येकाने नव्याने लिहावी लागू नयेत म्हणून तयार आज्ञावलींचे संच मिळतात. अशा संचाला 'लायब्ररी' म्हणतात. कोष्टके हाताळण्यासाठी असलेली एक लायब्ररी म्हणजे 'टेबलसॉ'.

टेबलसॉला काही न सांगता फाइल दिली, तर ती पहिली ओळ मथळा आहे असे गृहीत धरते. बहुतेक फाइलींना मथळा असतो, म्हणून हे गृहीतक सोयीचे आहे. पण आपल्या दोन ओळींची फाइल तिला दिली तर? '४३००३', '२००५०७२७' आणि '९४४' ही तीन रकान्यांची नावे ठरतील! कोष्टकात उरेल एकच नोंद, कुलाब्याची. मग 'मुंबईत त्या दिवशी जास्तीत जास्त किती पाऊस झाला?' असे विचारले, तर उत्तर येईल : ७४ मिलिमीटर. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या ज्या लोकांनी ती रात्र पाण्यातून चालत काढली, त्यांना हे उत्तर सांगून पाहावे!

यात गंभीर गोष्ट अशी की संगणक कोणतीही तक्रार करत नाही. याउलट चूक झाली तर काय होते, ते पाहा. फाइलला मथळा आहे आणि आपण 'नाही' असे सांगितले, तर 'पाऊस' हा शब्द आकड्यांच्या रकान्यात शिरतो. मग तो संपूर्ण रकाना मजकुराचा मानला जातो, त्याची सरासरी काढता येत नाही आणि चूक लगेच ध्यानात येते. म्हणजे दोन चुकांपैकी एक ओरडून सांगते, तर दुसरी गुपचूप एक नोंद गिळते. आमच्याही हातून पूर्वी ही दुसरी चूक झाली आहे. हजारो ओळींच्या फाइलमधली एक ओळ कमी झाल्याचे सरासरीवरून कधीच कळले नसते. ओळी मोजल्या म्हणून कळले.

उपाय सोपा आहे. फाइल वाचण्याच्या सूचनांमध्ये 'हेडर' या पर्यायाला 'फॉल्स', म्हणजे 'नाही', असे स्पष्ट सांगायचे. मग टेबलसॉ सर्व ओळी नोंदी म्हणून घेते आणि रकान्यांना 'सी०', 'सी१', 'सी२' अशी कामचलाऊ नावे देते. त्या जागी 'स्थानक', 'दिनांक', 'पाऊस' ही नावे आपण द्यायची.

'कॉमन्स सीएसव्ही' या दुसऱ्या लायब्ररीची रीत उलटी आहे. तिला काही सांगितले नाही, तर ती मथळा नाही असे धरते. रकाने क्रमांकाने मागावे लागतात आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. रकान्यांची नावे आपण आधीच पुरवू शकतो. पण फाइलमध्येही मथळा असेल, तर ती ओळ वगळण्याची वेगळी सूचना द्यावी लागते. तेव्हा लायब्ररी बदलली की गृहीतकही बदलते. म्हणून मथळा असो वा नसो, ते प्रत्येक वेळी स्पष्ट सांगण्याची सवय लावून घ्यावी.

नाव दिले तरी पुरत नाही

रकान्याला नाव मिळाले, तरी त्याचा प्रकार ठरवायचा राहतो. टेबलसॉ आकडे पाहून प्रकाराचा अंदाज बांधते. ४३००३ ही तिला साधी संख्या वाटेल, पण स्थानक क्रमांकांची सरासरी काढण्यात अर्थ नाही. तो मजकूर म्हणूनच वाचायला हवा. २००५०७२७ हीसुद्धा दोन कोटींच्या घरातली संख्या वाटू शकते. तो दिनांक आहे, असे स्पष्ट सांगितलेले बरे. न मिळालेल्या नोंदीच्या जागी काही ठिकाणी -९९९ लिहितात. ते सांगितले नाही, तर सरासरी पाऊस ऋण येण्याचा चमत्कारही घडेल!

शिवाय काही गोष्टी मथळ्यातही मावत नाहीत. आम्ही २६ जुलै म्हणालो, पण फाइलमध्ये २७ आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. ही चूक नाही. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागील चोवीस तासांचा पाऊस मोजणीच्या दिवसावर मांडतात. २६ तारखेच्या दुपारी कोसळलेला पाऊस म्हणून २७ तारखेच्या नावावर जातो. एककाचेही तसेच आहे. दशमान पद्धत येण्यापूर्वीच्या आपल्याकडील पावसाच्या नोंदी इंचात असत आणि एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. मथळा नसलेल्या फाइलमधला '४' हा आकडा चार मिलिमीटर असेल, तर ती एक लहानशी सर झाली. चार इंच असेल, तर रेल्वेमार्गाची काळजी करावी लागेल.

वर्गात करून पाहा

शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवून जून महिन्याच्या नोंदी विद्यार्थ्यांकडून सीएसव्ही फाइलमध्ये लिहवून घ्या. मथळा मुद्दाम देऊ नका. मग पुढील गोष्टी क्रमाने करायला सांगा.

१. फाइलमधल्या ओळी डोळ्यांनी मोजा. त्या ३० असायला हव्यात.
२. फाइल लायब्ररीने वाचून नोंदींची संख्या विचारा. २९ आल्या, तर १ जून मथळा झाला आहे.
३. महिन्याची बेरीज वहीत करा आणि संगणकाच्या बेरजेशी ताडून पाहा.
४. सर्वांत जास्त पावसाचा दिवस शोधा. तो विद्यार्थ्यांच्या आठवणीशी जुळतो का, ते विचारा.
५. रकान्यांचा क्रम, एकक, मोजण्याची वेळ आणि न मिळालेल्या नोंदीची खूण एका कागदावर लिहून तो कागद फाइलसोबत जपून ठेवा.

यांतली पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. नोंद करणाऱ्या विद्यार्थ्याला रकान्यांचा अर्थ पाठ असतो, म्हणून तो लिहून ठेवावा असे त्याला वाटत नाही. पण तो दहावी होऊन शाळा सोडून जातो आणि फाइल शाळेतच राहते. पाच वर्षांनी दुसरा विद्यार्थी ती उघडेल, तेव्हा त्याला विचारायला कोणी नसेल. त्या वेळी हा कागद असला, तर ते आकडे पाऊसच राहतील.