गाईडाबाहेरचा व्यापारी कायदा

बी.कॉम.ला असलेला व्यापारी कायद्याचा विषय बहुतेक जण गाईडावर काढतात. प्रस्ताव म्हणजे काय, स्वीकृती म्हणजे काय, वैध कराराच्या अटी किती, हे पाठ करायचे, पेपर टाकायचा आणि विसरायचे. पुढे यातलेच काही तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी सीईटीच्या तयारीला लागतात, तेव्हा कायद्याचा अभ्यास आता सुरू झाला असे त्यांना वाटते. वास्तविक तो आधीच सुरू करता आला असता.

मोहरीबीबी खटल्याचेच बघा. गाईडात तो एका ओळीत उरकतो : अल्पवयीनाचा करार रद्दबातल. मूळ प्रकरण रंजक आहे. १८९५ साली कोलकात्यातल्या धर्मोदास घोष या अल्पवयीन मुलाने आपली मालमत्ता ब्रह्मो दत्त या सावकाराकडे २०,००० रुपयांना गहाण टाकली. मुलगा अल्पवयीन आहे, हे सावकाराच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्याला ठाऊक होते. पुढे मुलाच्या वतीने ते गहाण रद्द करण्यासाठी दावा झाला. १८७२च्या करार कायद्याचे कलम ११ अल्पवयीनाला करार करण्यास पात्र मानत नाही. पण असा करार मुळातच रद्द, की मुलाने ठरवले तर रद्द, हे ते सांगत नाही. तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये कलम १० आणि ११ एकत्र वाचून तो मुळातच रद्द ठरवला. कलम ६५ दाखवून पैसे परत मागणाऱ्या सावकारपक्षाला (सावकाराच्या पश्चात अपील चालवणाऱ्या मोहरीबीबीला), ते कलम पात्र पक्षांपुरतेच आहे, असे उत्तर मिळाले. पैसे बुडाले. पुढे १९६३च्या विशिष्ट अनुतोष कायद्याने, अल्पवयीनाला झालेला लाभ काही प्रसंगी परत करायला लावण्याची मुभा न्यायालयाला दिली. कलमातली फट, तिचा अर्थ, मग संसदेची दुरुस्ती : वकिली विचार म्हणतात तो हाच, आणि एका ओळीच्या उत्तरात नेमका तोच गळतो.

यावर कोणी म्हणेल, सीईटीत विधी अभिक्षमतेबरोबर सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजीही असते. तिथे हा खटला कशाला? खरे आहे, गुण मिळवायला सराव प्रश्नपत्रिकाच लागतात. शिवाय व्यापारी कायद्यात राज्यघटना नाही, फौजदारी कायदाही नाही, ती उणीव वेगळ्या वाचनानेच भरावी लागते. पण दिलेला नियम दिलेल्या प्रसंगाला लावणे हे कौशल्य प्रवेशपरीक्षेनंतरही सुटत नाही. त्यासाठी महागडा क्लास नको, कायद्याची मूळ संहिता पुरे. करार कायद्याच्या कलम २५खालची उदाहरणे घ्या. मोबदल्याशिवाय हजार रुपये देण्याचे वचन करार ठरत नाही. सापडलेली पर्स परत करणाऱ्याला नंतर दिलेले पन्नास रुपयांचे वचन मात्र ठरते. का, ते कलम न बघता लिहून काढावे, मग कलम वाचावे.