सूर्यास्तापूर्वीचे ताट आणि हट्टी नातू

मार्गशीर्षात लातूरला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आडत-दुकानातून येणारे पुरुष, शिकवणीहून परतणारी मुले आणि सकाळपासून राबणाऱ्या गृहिणी, सर्वांना त्यापूर्वी पानावर बसायचे असते. अशा वेळी पाच वर्षांच्या मुलाने "मला हे नको" म्हणून ताट सरकवले की घरात जी धांदल उडते, ती आपल्या वाचकांस वेगळी सांगावयास नको. इतर घरांत आई रात्री साडेआठलाही दूधभात भरवू शकते. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घरात मात्र तासाभरातच निकाल लागतो.

आमच्या नातवाचे जग खाकरा, दूध आणि वरणभात एवढेच होते. कंदमुळे घरात येत नाहीत, चातुर्मासात पालेभाज्याही वर्ज्य. उरतात दोडका, दुधी, तोंडली, पडवळ. नेमक्या त्याच त्याला नकोत. मी प्रथम जे केले ते चुकीचेच होते: दोन घासांमागे एक चॉकलेट. जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज देण्याचा हा प्रकार बँकेत मी जन्मभर नामंजूर करीत आलो, आणि घरात स्वतःच मंजूर केला! आठवडाभरात त्याने दर दुप्पट केला. चॉकलेट बंद केले तेव्हा मी "दिवस बुडतोय, लवकर गिळ" असा धाक सुरू केला. एका सायंकाळी त्याने खिडकीकडे पाहत विचारले, "आजोबा, सूर्य आपल्यावर रागावतो का?" मी निरुत्तर झालो. जो नियम त्याने पुढे स्वेच्छेने पाळावा असे आम्हांस वाटते, त्याचीच भीती मी त्याच्या मनात घालीत होतो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लीन बर्च यांनी 1982 मध्ये सहकाऱ्यासह दोन वर्षांच्या मुलांना अपरिचित चीज व फळे 2 पासून 20 वेळांपर्यंत चाखावयास दिली. जो पदार्थ अधिक वेळा चाखला, तोच मुलांनी अधिक पसंत केला. पदार्थ नुसता पाहून मात्र तो आवडू लागत नाही, जिभेस त्याचा स्पर्श व्हावा लागतो, असे त्यांच्या पुढील अभ्यासात दिसले. आपण दोन-तीनदा नकार ऐकून "याला आवडतच नाही" असा शिक्का मारतो. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची वाटणी सांगितली आहे: काय, केव्हा आणि कोठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. आमच्या सौ.ना हे प्रथम पटले नाही. उपाशी झोपलेले लेकरू कोणत्या आजीला पाहवते?

सूनबाईंनी मध्यम मार्ग काढला. जेवण अर्धा तास अलीकडे आणले आणि चारचे शेव-फरसाण बंद केले. भूक तेथेच मरत होती. ताटात त्याचा वरणभात कायम आणि शेजारी बोटाच्या पेराएवढी नवी भाजी. "चाखून पाहा" एवढेच एकदा म्हणायचे. नको असल्यास विषय संपला. आरंभ नांदेडहून व्याह्यांनी पाठविलेल्या अर्धापूरच्या कच्च्या केळ्यांच्या कापांनी झाला. बटाट्याच्या जागी आपण ती वापरतोच. चौथ्या दिवशी त्याने काप मागून घेतला. दोडक्यास तीन आठवडे लागले.

वेळ अमावास्येला आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने नेहमीप्रमाणे शेतावर बोलाविले. लसूण, गाजर आणि ताक वगळून आमच्यासाठी भज्जी निराळी शिजविली होती. ओली तूर, हरभरा आणि वाटाणा नातवाने स्वतः सोलून दिला आणि तीच भज्जी ज्वारीच्या भाकरीबरोबर दोनदा घेतली. घरी वाटाण्याकडे तो पाहतही नसे.

वजन घटत असेल, घास घशाशी येऊन उलटी होत असेल किंवा मूल दोन-तीन पदार्थांपलीकडे जातच नसेल, तर मात्र वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांस दाखवावे; लोह आणि बी-12 यांची चौकशीही त्याच वेळी करून घ्यावी.

पडवळाची आजवर अकरा वेळा मनधरणी झाली आहे. काल त्याने ते जिभेस लावले, तोंड वाकडे केले आणि पुन्हा ताटाच्या कडेला नीट ठेवून दिले.