मुलांच्या पाठीवरील दप्तर

पहिलीतील मुलाचें वजन सुमारें २० किलो असतें. त्याच्या पाठीवर २ किलोहून अधिक ओझें असूं नये. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊं नये, हें प्रमाण महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं व केंद्र सरकारनें २०२० च्या शालेय दप्तर धोरणांत घालून दिलें आहे.

आतां हिशेब पाहा. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. मोठी बाटली भरून दिली कीं निम्मी मर्यादा तेथेंच संपली. रिकामें दप्तरच कित्येकदां पाऊण किलोचें असतें. मग पुस्तकांना व डब्याला उरलें काय? शाळेंत पिण्याचें चांगलें पाणी मिळत असल्यास लहान बाटली द्यावी. मुलाला एकदां दप्तरासह व एकदां दप्तराविना वजनकाट्यावर उभें करावें, म्हणजे खरा प्रकार कळतो.

जड दप्तरानें कण्याला कायमचा बांक येईल, अशी पुष्कळ आईबापांस धास्ती वाटते. कणा एका बाजूस वळण्याच्या विकाराचें कारण दप्तर हें नव्हे. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २०१८ सालीं ६९ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. दप्तरामुळें मुलांना पाठदुखी जडते, असा खात्रीलायक पुरावा त्यांस आढळला नाहीं. मग दहाव्या हिश्श्याचा आग्रह कशाला? ओझें जड झालें कीं मूल पुढें वांकून चालतें, लवकर थकतें, खांद्यांवर लाल वळ उठतात, हाताला मुंग्या येतात, जिना उतरतांना तोल जातो. हे हाल आजचे आहेत, उद्यांचे नव्हेत, म्हणून ते थोडे मानूं नयेत.

दप्तर घेतांना आपल्याकडे एक खोड दिसते. सदरा जसा वाढत्या अंगाचा शिवावा, तसें दप्तरहि दोन वर्षें पुढचें पाहून घेतात. सदऱ्याच्या बाह्या दुमडतां येतात. दप्तराची उंची कशी दुमडणार? तें मुलाच्या पाठीहून रुंद नसावें, आणि कंबरेखालीं चार बोटें लोंबलें तरी पुष्कळ झालें. पट्टे रुंद व मऊ भरणीचे असावे. बारीक पट्टा खांद्यांत रुततो. चाकांचें दप्तर सपाट फरशीवर ठीक, पण जिने आले कीं तें उचलावें लागतें, आणि तें रिकामेंहि जडच.

दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर घेऊन दप्तर पाठीला चिकटेल इतके आंवळावे. एका खांद्यावर दप्तर अडकविण्याची थोरल्या मुलांना ऐट वाटते. तीमुळें सारा भार एकाच बाजूस पडतो. जाड पुस्तकें पाठीच्या बाजूस ठेवावीं. दप्तर जमिनीवरून उचलतांना गुडघे वांकवावे.

आतां राहिलें भरण्याचें काम. सगळेंच नेलें म्हणजे कांहीं विसरल्याबद्दल बोलणीं खावीं लागत नाहींत, हें मुलाचें तर्कशास्त्र अगदीं बिनतोड आहे! म्हणून रोज रात्रीं दप्तर उपडें करावें. तळाशीं मागल्या सत्राच्या वह्या निघतील. मग मुलानेंच वेळापत्रक समोर ठेवून तें भरावें, आईनें भरून देऊं नये. इतकें करूनहि काटा मर्यादेपुढें गेला, तर वर्गशिक्षकांस भेटून दोन विषयांस एक वही चालेल काय, कोणतें पुस्तक वर्गांत ठेवतां येईल, हें विचारावें.