नटवलेल्या गाडीचं गिऱ्हाईक

ऑगस्ट 2017 मध्ये स्कोडाने ऑक्टेव्हिया आरएस 230 भारतात आणली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 230 पीएस ताकद, सहा गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स आणि चौघांचं सामान सहज गिळणारी डिकी. शोरूमचा भाव पंचवीस लाखांच्या आत होता आणि गाड्या हातोहात संपल्या. 2020 मधल्या आरएस 245 च्या तर भारतासाठी फक्त 200 गाड्या होत्या, भाव जवळपास छत्तीस लाख. अशी गाडी घेणारा माणूस ती ड्रायव्हरच्या हवाली करून मोकळा होत नाही. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो बॉनेट उघडून उभा असतो, हातात पाना आणि शेजारी उघडलेला लॅपटॉप. काही वर्षांनी तो गाडी विकायला काढतो. तोवर खर्चाची एक लांबलचक यादी जमलेली असते आणि त्या खर्चाविषयी काही समजुती पक्क्या झालेल्या असतात. गिऱ्हाईक दारात आलं की यातल्या बऱ्याच समजुती उघड्या पडतात.

‘एवढे घातलेत, निदान अर्धे तरी सुटतील’

सुटत नाहीत. रीमॅप, मोठा एक्झॉस्ट, खाली बसवणारे स्प्रिंग, अठरा इंची अलॉय, या सगळ्याचा हिशेब मालकाच्या डायरीत असतो. गिऱ्हाईक मात्र त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या मूळ गाडीच्या भावाशी तुलना करतं. ज्याला बदल हवे असतात त्याला ते स्वतःच्या आवडीचे हवे असतात. ज्याला नको असतात त्याला बदललेली गाडी दिसली की ती किती पिळली असेल याची शंका येते, आणि शंका आली की भाव पडतो.

म्हणून जाणकार मालक मूळ सुटे भाग कधीच भंगारात देत नाहीत. कंपनीचा एअरबॉक्स, सायलेन्सर, स्प्रिंग, हेडलाइट सगळं खोक्यांत भरून माळ्यावर ठेवलेलं असतं. विक्रीआधी गाडी मूळ रूपात आणायची आणि बाहेरचे भाग वेगळे विकायचे. चांगल्या ब्रँडच्या कॉइलओव्हरना, हलक्या रिमना शौकिनांमध्ये मागणी असते. तेच भाग गाडीला लावून ठेवले तर त्यांचे पैसे कोणी मोजत नाही.

यात कायद्याचाही भाग आहे, आणि तो बहुतेकांना ऐकून माहीत असतो, वाचून नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ अधोरेखित केला. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलासाठी दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुणे पोलिसांनी बुलेटचे कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले की त्याचे फोटो छापून येतात. सेडानच्या मालकाला ते पाहताना गंमत वाटते, पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून बसवलेला त्याचा डाउनपाइपही बेकायदाच असतो.

आरसीवर गाडीच्या रंगाचीही नोंद असते. पांढऱ्या गाडीवर मॅट काळा रॅप चढवला असेल तर तो काढूनच गिऱ्हाइकाला बोलवावं. रॅपखालचा पत्रा कसा आहे हेही तेव्हाच कळतं, मालकालासुद्धा.

‘स्टॉक सॉफ्टवेअर परत टाकलं की मागमूस राहत नाही’

या बाबतीत माणसं सर्वात जास्त फसतात. स्टेज वन रीमॅप म्हणजे इंजिनाचा एकही भाग न बदलता फक्त ईसीयूमधली, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातली, माहिती बदलणं. टर्बोचा दाब आणि इंधन-ठिणगीचं गणित बदललं की आरएस 230 तीनशे पीएसच्या आसपास जाते. उलट प्रवासही तेवढाच सोपा दिसतो. पण ईसीयू किती वेळा लिहिला गेला याची गणती त्याच्या आत राहते. फोक्सवॅगन समूहाच्या गाडीत बदललेलं सॉफ्टवेअर अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या यंत्रणेला आढळलं तर त्या गाडीवर ‘टीडी 1’ अशी नोंद होते, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीच्या दाव्याच्या वेळी ती आडवी येते. गाडी वॉरंटीत असताना विकायची असेल तर रीमॅपची गोष्ट आधीच सांगितलेली बरी. नाहीतर ती गिऱ्हाइकाचा ओळखीचा सर्व्हिस ॲडव्हायझर सांगतो.

फॉल्ट कोडचंही असंच. चेक इंजिनचा दिवा लागलाय, गिऱ्हाईक संध्याकाळी येणार, म्हणून दुपारी स्कॅनर लावून कोड उडवायचा. दिवा विझतो खरा, पण त्याबरोबर गाडीच्या स्वयंतपासण्याही शून्यावर जातात. कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर, इंधनाच्या वाफा यांच्या चाचण्या पूर्ण व्हायला ठरावीक पद्धतीचं ड्रायव्हिंग लागतं. शिवाय कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हा आकडाही गाडीच्या ओबीडी सॉकेटवर स्कॅनर लावून वाचता येतो. हल्लीचं गिऱ्हाईक खिशात साधा ब्लूटूथ स्कॅनर घेऊन येतं. त्याला तिथे ‘7 किमी’ दिसले की पुढचं बोलणं भावाबद्दल राहत नाही.

‘घरी केलेल्या सर्व्हिसला किंमत नाही’

ही समजूत मात्र उलट्या दिशेने चुकते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा शिक्का नसेल तर गाडी बेवारस समजणारे बरेच आहेत. पण ऑइल आणि फिल्टरची बिलं, प्रत्येक वेळी टिपलेला ओडोमीटरचा फोटो, कोणत्या ग्रेडचं ऑइल घातलं याची नोंद एवढं जपलेलं असेल तर जाणकार गिऱ्हाईक नुसत्या शिक्क्यापेक्षा अशा फाइलवर जास्त भरवसा ठेवतं. अट एकच, ग्रेड बरोबर हवी. ‘जाड ऑइल घाला, इंजिन टिकतं’ हा जुन्या फिटरचा सल्ला टर्बोच्या या इंजिनांना लागू पडत नाही. इथे डब्यावर फोक्सवॅगनचा मंजुरी क्रमांक पाहायचा असतो. काढलेलं जुनं ऑइल गटारात ओतायचं नाही, ते घातक कचऱ्यात मोडतं. गॅरेजवाला ते पुनर्वापरासाठी ठेवून घेतो.

डीएसजीच्या बाबतीत ‘गिअर ऑइल आयुष्यभराचं असतं’ असं छातीठोक सांगणारे भेटतात. आरएस 230 मधला सहा गिअरचा डीएसजी ओल्या क्लचचा आहे आणि त्याचं ऑइल व फिल्टर दर 60,000 किलोमीटरला बदलायचे असतात. घरी करण्यासारखं हे काम आहे का? हौशी माणसं करतात, पण पातळी ठरवण्याची रीत नाजूक आहे. इंजिन चालू, ऑइलचं तापमान 35 ते 45 अंशांच्या दरम्यान, आणि तळाच्या भोकातून जास्तीचं ऑइल आपोआप गळून थांबलं की पातळी बरोबर. तापमान स्कॅनरवरच कळतं. हे सगळं तिरक्या जॅकवर केलं तर पातळी चुकलीच म्हणून समजा. साठ हजार ओलांडलेल्या गाडीच्या फाइलमध्ये हे एक बिल असलं तर घासाघिशीला निम्मी जागा उरते. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकच्या गाडीचंही तसंच: मागचे पॅड बदलताना पिस्टन स्कॅनरवरून मागे घ्यायचा असतो, शिकंजा लावून दाबला की मोटर गेली.

बाटल्यांचा धंदाही याच समजुतींवर चालतो. पेट्रोलच्या टाकीत क्लीनर ओतला की इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन जातो म्हणे. ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं तिथे ते त्या व्हॉल्व्हला शिवतच नाही, मग धुणार कुठून? इंजेक्टरला त्याचा थोडा उपयोग होतो. व्हॉल्व्हवरचा थर काढायचा तर इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारावा लागतो. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलने ताकद वाढते ही समजूतही तशीच अर्धवट आहे. ऑक्टेन म्हणजे इंधन अवेळी पेटण्याला किती विरोध करतं याचं माप. मूळ गाडीला गरजेपेक्षा जास्त ऑक्टेन दिलं तर हाती काही लागत नाही. रीमॅप मात्र 95 किंवा त्याहून वरच्या पेट्रोलसाठी केलेला असेल आणि नव्या मालकाला ते सांगितलंच नाही, तर तो साधं पेट्रोल भरेल, नॉक सेन्सर ठिणगी मागे ढकलत राहील आणि गाडी ओढत नाही म्हणून फोन जुन्या मालकालाच येईल.

पॉलिशबद्दल थोडक्यात. वरचा क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉनचा असतो आणि मशीन दर वेळी त्यातलाच थोडा खाते. सिरॅमिक कोटिंगने चमक येते, खोल ओरखडा भरत नाही. पुन्हा रंगवलेला दरवाजा जाडी मोजणाऱ्या यंत्रावर लगेच वेगळा आकडा दाखवतो, म्हणून तो आधीच सांगून टाकावा.

‘चावी दिली, पैसे आले, विषय संपला’

आरटीओच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत विषय संपत नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी हात बदलत गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून ते एजंटाच्या हाती सोपवले की काम झालं असं समजू नये. राज्यातल्या राज्यात विक्रीची सूचना चौदा दिवसांत द्यायची असते. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचा बोजा फॉर्म 35 ने आरसीवरून उतरवून घ्यावा लागतो.

डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषद झाली आणि जुनी गाडी विकणाऱ्याला अठरा टक्के कर भरावा लागणार अशी आवई घरोघरी पोहोचली. तो कर जीएसटीत नोंदणी असलेल्या विक्रेत्याला, तोही नफ्यावर. घरगुती मालकाने दुसऱ्या माणसाला गाडी विकली तर तो लागत नाही. दोन लिटरच्या मोठ्या सेडानना डीलरकडे अठरा टक्के आधीपासूनच होते.

विम्यातला नो क्लेम बोनसही गाडीबरोबर जात नाही. पन्नास टक्क्यांपर्यंतची ही सवलत मालकाची असते. विमा कंपनीकडून तसं पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढच्या गाडीला ती लावता येते. फास्टॅगही त्याच दिवशी बंद करावा. नाहीतर नवा मालक द्रुतगती मार्गावर आरएसची मजा घेत असतो आणि टोलचे मेसेज जुन्या मालकाच्या मोबाइलवर येत राहतात.