वावड्याची नोंद

'वावडे' हा मराठीतला मोठा सोयीचा शब्द आहे. खाल्लेले मानवत नाही एवढे तो सांगतो; का मानवत नाही, ते सांगत नाही. सहलीच्या आधी पालक शाळेत चिठ्ठ्या पाठवतात. एकीत लिहिलेले असते 'दूध चालत नाही', दुसरीत 'अंड्याचे वावडे आहे', तिसरीत 'दाण्याने पित्त उठते'. तिन्ही चिठ्ठ्या आपण एकाच वहीत, एकाच रकान्यात उतरवून घेतो. पण तिघांच्या शरीरात घडणाऱ्या गोष्टी अगदी वेगळ्या असू शकतात.

दुधाचेच पाहू. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे विकर कमी पडले की पोट फुगते, मुरडा येतो, जुलाब होतात. त्रास होतो, पण जिवाला धोका नसतो. दही-ताक बहुधा चालते. हा पचनाचा प्रश्न झाला. दुसऱ्या एखाद्या मुलाला मात्र दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते. तिथे काम करते ती शरीराची संरक्षण यंत्रणा. आयजीई नावाची प्रतिपिंडे निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजतात आणि मास्ट पेशींमधून हिस्टामिन व इतर रसायने बाहेर पडतात. अंगावर गांधी येतात, ओठ सुजतात, श्वासनलिका आवळतात, रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब कोसळतो. हे सारे काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत घडते. या अवस्थेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. हा शब्द शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ साली वापरात आणला, आणि या कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यावर पहिला उपाय म्हणजे मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. ॲलर्जीच्या गोळीने खाज कमी होईल, पण कोसळता रक्तदाब सावरणार नाही.

आता 'पित्त उठणे' पहा. छातीतली जळजळ, आंबट ढेकर यांनाही आपण पित्तच म्हणतो आणि अंगावरच्या गांधींनाही. चिठ्ठीतल्या या एका शब्दावरून मुलाला आम्लपित्त आहे की दाण्याची ॲलर्जी, हे कसे कळणार?

हीच अडचण जगभरच्या दवाखान्यांत आहे, आणि ती सोडवण्यासाठी रोगांना क्रमांक देण्याची पद्धत निघाली. सुरुवात मृत्यूच्या कारणांपासून झाली. झाक बेर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत अशी यादी मांडली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहाव्या आवृत्तीपासून हे काम हाती घेतले आणि यादीत मृत्यूच्या कारणांबरोबर आजारही आले. हेच 'आयसीडी' वर्गीकरण. त्याची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली.

दहाव्या आवृत्तीत आपल्या चिठ्ठ्या कुठे बसतात? लॅक्टोज न पचणे ई७३ खाली येते. गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा सिलिॲक आजार के९०.० वर आहे. ॲलर्जीच्या गांधी त्वचेच्या प्रकरणात, एल५०.० वर. अन्नामुळे झालेला ॲनाफिलॅक्सिस टी७८.० वर, आणि तोही कुठे, तर जखमा आणि विषबाधा यांच्या प्रकरणात! 'आज काही झालेले नाही, पण पूर्वी ॲलर्जी आढळली आहे' ही नोंद झेड९१.० मध्ये. म्हणजे एकच शेंगदाणा, पण त्याने दिलेला त्रास वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेला. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केलेल्या आपल्या विस्तारित आवृत्तीत आणखी बारकावे आहेत. दाण्याने झालेला ॲनाफिलॅक्सिस टी७८.०१, कोळंबी-खेकड्याने झालेला टी७८.०२, नुसता दाण्याच्या ॲलर्जीचा इतिहास झेड९१.०१०. पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकी रुग्णालयांच्या कागदांवर हे क्रमांक घालणारे तरुण आज बरेच आहेत. आपले माजी विद्यार्थीही त्यांत असतील.

हा सगळा कारकुनी खटाटोप वाटेल. पण ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. मृत्यूचे मूळ कारण म्हणून ॲनाफिलॅक्सिस नोंदवायला दहाव्या आवृत्तीत ग्राह्य क्रमांकच नव्हता. त्यामुळे असे मृत्यू आकडेवारीत पुरते दिसतच नव्हते. जे मोजले जात नाही त्यासाठी औषधे कोण साठवणार? अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात रोगप्रतिकार यंत्रणेच्या आजारांना स्वतंत्र प्रकरण मिळाले आणि ॲनाफिलॅक्सिस तिथे ४ए८४ वर आला.

मात्र क्रमांक कितीही नेमका असला तरी तो डॉक्टरांच्या लिखाणावरच बसतो. क्रमांक घालणाऱ्याला अंदाज बांधायची मुभा नसते. 'दाणे खाल्ल्याने त्रास' एवढेच लिहिले असेल, तर टी७८.०१ लावता येत नाही. 'चिक्कीचा एक तुकडा खाल्ला, दहा मिनिटांत ओठ सुजले, धाप लागली, ॲड्रेनॅलिन दिले' असे लिहिले, तर चित्र स्पष्ट होते. शाळेतल्या नोंदवहीलाही आम्ही हेच सुचवू: पदार्थ कोणता, किती खाल्ला, किती वेळाने काय झाले, काय उपचार केले, नोंद कोणत्या तारखेची. दाण्याचे कूट खिचडीत, कोशिंबिरीत, उसळीत बेमालूम मिसळलेले असते, तेव्हा पदार्थाचे नाव पुरत नाही, त्यात काय होते तेही हवे.

नोंदवहीतल्या कोऱ्या जागेचा घोळ तर सर्वांत वाईट. कोरा रकाना म्हणजे 'ॲलर्जी नाही' की 'कोणी विचारलेच नाही'? विचारून नाही असे कळले असेल, तर 'माहीत असलेली ॲलर्जी नाही' असे शब्दांत लिहावे. याच्या उलटही होते. त्वचेच्या चाचणीत फोड आला एवढ्यावरून 'अंड्याची ॲलर्जी' असा शिक्का बसतो, जरी ते मूल अंडे मजेत खात असले तरी. चाचणी केवळ प्रतिपिंडे असल्याचे सांगते. खाल्ल्यावर त्रास होतो का, हा वेगळा प्रश्न आहे. शिवाय दूध-अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर जाते, दाण्याची मात्र साधारण पाचांतल्या एकाचीच. ती गेली की नाही, हे घरी खाऊ घालून पाहू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच तपासावे लागते. म्हणून पहिलीत केलेली नोंद सातवीत तशीच उतरवून घेण्याआधी पालकांना एकदा विचारावे, आणि नवी तारीख घालावी.